मान रुंद, बोटं बारीक

शहापुरात त्या काळी मेंडोलिन वाजवणारा मी एकटाच होतो, त्यामुळे सगळ्यांत चांगला वाजवणाराही मीच होतो. हा मान मिळवायला मला फारसे कष्ट पडले नाहीत.

भाताच्या गिरणीत मी कारकून होतो. दिवसभर तूस आणि कोंडा नाकात जायचा, आणि संध्याकाळी गावातल्या हौशी नाटक मंडळात कला. मंडळात नट भरपूर होते. प्रत्येकाला राजा व्हायचं असल्यामुळे आमच्या नाटकांत प्रजा कमी पडायची. उणीव होती ती वाद्याची. आमचा पेटीवाला नोकरी लागली म्हणून कल्याणला गेला आणि जाताना पेटीही घेऊन गेला. पेटी त्याचीच होती, तरी मंडळाने या कृत्याचा निषेध केला. मग सभा भरली. मी मुंबईला एकदा मूकपट पाहिला होता. तिथे पडद्यासमोर बसून एक जण मेंडोलिन वाजवत होता, आणि त्याच्याकडे बघता बघता माझा अर्धा मूकपट निसटला होता. मी म्हणालो, "पेटी जुनी झाली. आता मेंडोलिन." सभेतल्या कोणालाही मेंडोलिन म्हणजे काय ते ठाऊक नसल्यामुळे ठराव एकमताने पास झाला.

मुंबईत धोबीतलावाजवळ एका चाळीत एक गोव्याकडचा वादक राहत होता. बोलपट आले तेव्हा मूकपटासमोर वाजवणाऱ्यांचा धंदा बसला, आणि हा माणूस खोलीत बसून एकेक वाद्य विकत होता. भिंतीवर दोन मेंडोलिनं टांगलेली होती. दोन्ही इटलीची, असं तो म्हणाला. दोन्हींची पाठ अर्ध्या भोपळ्यासारखी गोल. एकाच्या तोंडाभोवती शिंपल्याची फुलं बसवलेली, कडेला काळी-पांढरी नक्षी, आणि मान चांगली रुंद. दुसरं साधं, काळपट, कसलाही दागिना नसलेलं, आणि त्याची मान अरुंद.

"मान रुंद म्हणजे काय?" मी विचारलं.

त्याने मला मानेचं वरचं टोक दाखवलं. तारा जिथून खुंट्यांकडे जातात तिथे हाडाची एक बारीक पट्टी असते. तिला खाचा पाडलेल्या असतात, आणि त्या खाचांतून तारा जातात. आठ तारा, दोन-दोनच्या जोड्यांनी. पट्टी जेवढी लांब, तेवढं जोड्यांमधलं अंतर जास्त. "या पट्टीला नट म्हणतात," तो म्हणाला. "ह्याचा नट रुंद, त्याचा अरुंद."

नट रुंद असणं हे मला आमच्या मंडळातून चांगलं माहीत होतं. मी समजूतदारपणे मान हलवली.

त्याने माझ्या बोटांकडे पाहिलं. माझी बोटं शेवग्याच्या शेंगांसारखी, लांबीने मात्र शेंगांइतकी नव्हेत. हात एकूण लहानच. तो काहीतरी बोलणार होता असं मला अजूनही वाटतं. पण तेवढ्यात माझा हात शिंपल्याच्या फुलांकडे गेला. तो थांबला आणि म्हणाला, "घ्या. हे तुमच्यासाठीच बनवलंय." बेकार माणसाला गिऱ्हाइकाला शहाणं करणं परवडत नाही.

शहापुरात आल्यावर मी लाकडाच्या वखारीतल्या सुताराकडून मेंडोलिनसाठी सागवानी पेटी करून घेतली आणि शिकायला बसलो. गुरू कोणी नव्हता, ही सोयच होती. अडचण एकच होती. माझी करंगळी त्या रुंद मानेवरून सगळ्यांत जाड तारांपर्यंत पोचायचीच नाही. पोचवली तर अंगठा सुटायचा. अंगठा धरून ठेवला तर त्या भोपळ्यासारख्या पाठीमुळे सगळं वाद्य मांडीवरून घसरून खाली जायचं. शेवटी मी जाड तारा वर्ज्य करून टाकल्या. एखाद्या रागात एखादा सूर वर्ज्य असतो, तशा माझ्या प्रत्येक चालीत त्या दोन तारा वर्ज्य. मंडळात कोणी विचारलं तर मी 'शास्त्र' एवढंच म्हणायचो. माझं वादन अर्धवट आहे असं कोणालाच वाटलं नाही, कारण पूर्ण वादन कोणी ऐकलंच नव्हतं.

आता दाजींबद्दल सांगितलं पाहिजे. माझी थोरली बहीण मुरबाडला दिली होती. तिला आम्ही बाय म्हणायचो. तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी. घरची भातशेती, दावणीला चांगले बैल, तरुणपणी कुस्ती केलेली. देह असा की दारातून आत यायचे तेव्हा ओसरीत अंधार पडायचा. स्वभावाने मोठे दिलदार, फक्त मेहुण्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही अशी वस्तू त्यांना सहन होत नसे. मी छत्री घेतली तर ते मोठ्या दांड्याची छत्री घ्यायचे. मी चष्मा लावला तेव्हा त्यांची नजर गरुडासारखी होती, तरी महिनाभर ते कुठलाही कागद हातात आला की लांब धरून डोळे बारीक करायचे.

दिवाळीला बहिणीकडे गेलो तेव्हा मेंडोलिन घेऊन गेलो. सगळ्या आळीसमोर वाजवलं. दाजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच विचारलं, "कुठं मिळतं ह्ये?"

मी मोठेपणाने पत्ता सांगितला. पुढच्याच आठवड्यात दाजी मुंबईला जाऊन आले. त्या वादकाकडे आता साधं, अरुंद मानेचं मेंडोलिन तेवढं उरलं होतं. दाजींची बोटं म्हणजे राजेळी केळी. त्या माणसाने ती बोटं पाहिली, ती मान पाहिली, आणि म्हणाला, "घ्या. हे तुमच्यासाठीच बनवलंय." दाजींनीच मला हे अभिमानाने सांगितलं. माझ्यासाठी काय काय बनवलं गेलं होतं ते मला आठवत होतं.

नंतर दाजींनी शहापुरात येऊन त्याच सुताराकडून हुबेहूब माझ्यासारखी पेटी करून घेतली, आणि वाजवायला बसले. त्यांचं एक बोट एका जोडीवर ठेवलं की शेजारची जोडीही त्याच बोटाखाली यायची. एका सुराच्या कष्टात दोन सूर मिळायचे, फक्त त्या दोघांचं एकमेकांशी पटायचं नाही. बाय सांगायची की ते वाजवायला लागले की गोठ्यातली म्हैस उभी राहते आणि संपेपर्यंत बसत नाही. दाजी म्हणायचे, "मान देती ती."

दोघांच्या मेंडोलिनांत श्रेष्ठ कोणतं, हा वाद मग कित्येक वर्षं पुरला. मी म्हणायचो, अरुंद मान ही पोरांच्या खेळण्याला असते. दाजी म्हणायचे, "नक्षी कशाला लागती? खोड झाकायला. चांगल्या बैलाला झूल नाय लागत."

एकदा दाजी आपलं वाद्य घेऊन शहापुरात आमच्याकडे उतरले होते, बायही होती. दोन्ही मेंडोलिनं सतरंजीवर शेजारी शेजारी ठेवलेली. बाय निवडायला बसली होती. तिने सुपातला भाताचा एक दाणा उचलला आणि दाजींच्या मेंडोलिनच्या हाडाच्या पट्टीला लावून आडवा धरला. मग माझ्याकडच्या पट्टीशी ताडून बघितलं. फरक बरोबर त्या एका दाण्याएवढा होता.

"तुझी बोटं काडीवानी," ती मला म्हणाली, "आन् यांची मुसळावानी. वाद्यं उलटी आल्यात रे. बदला की दोघं. हाय काय त्यात?"

दाजी आणि मी कधी नव्हे ते एकत्र हसलो. "एका दाण्यानं काय व्हतंय?" दाजी म्हणाले. "बायकांना वाद्यातलं काय कळतंय?" मीही दुजोरा दिला. दाजींशी माझं एकमत झाल्याचा तो पहिला प्रसंग, म्हणून चांगला लक्षात आहे.

लढाई सुरू झाली आणि मेंडोलिनच्या तारा बाजारातून गेल्या. मी सायकलच्या ब्रेकच्या दोरीतला एकेक पदर सोडवून लावायला लागलो. त्याचा आवाज ब्रेकसारखाच यायचा. दाजींनी काय लावलं होतं ते मी विचारलं नाही, पण त्यांच्या कुंपणाची एक तार कमी झाली होती.

त्यातच बेचाळीसच्या चळवळीनंतरचा तो हिवाळा आला. सिद्धगडाच्या रानात माणसं लपली आहेत म्हणून मुरबाडकडे जिकडे तिकडे पोलीस. तिकडे डोंगरात खरी माणसं खऱ्या गोळ्या झेलत होती, आणि आम्ही दोघं भाताच्या एका दाण्यावरून भांडत होतो. ते आठवलं की आजही बरं वाटत नाही. पण तेव्हा म्हसा गावची जत्रा तोंडावर आली होती, आणि जत्रेत दुपारी मांडवात आम्ही दोघांनी मिळून वाजवावं असं दाजींच्या कोणा ओळखीच्या पंचाने ठरवलं होतं. त्याने आम्हाला कधी ऐकलेलं नव्हतं.

मी आदल्या दिवशी मुरबाडला गेलो. सकाळी दाजींची बैलगाडी निघाली. पुढे दाजी, मागे मी आणि बाय, भाकरीचं गाठोडं, आणि धूळ लागू नये म्हणून पेंढ्याखाली नीट लपवलेल्या दोन सागवानी पेट्या. वाटेत नाका होता. हवालदार घाटावरचा होता, नव्यानेच इकडे आलेला. त्याने काठीने पेंढा उचकला आणि त्याचा चेहरा उजळला.

"हे काय लपवलंय?"

"मेंडोलिन," दाजी म्हणाले.

"कसली मशिन?"

"मशिन नाय ओ. मेंडोलिन."

त्याने दोन्ही पेट्या रस्त्यावर उघडायला लावल्या. दोन शिपायांनी मेंडोलिनं बाहेर काढली. एकाने भोपळ्यावर टिचकी मारली आणि कान लावला.

"ह्याचं पोट एवढं फुगलेलं कशाला?" हवालदाराने विचारलं.

"आवाजासाठी," मी म्हणालो.

"कसला आवाज?"

आवाज हा शब्द त्या महिन्यात उच्चारायचा नव्हता, हे मला उशिरा कळलं. शिपाई दोन पावलं मागे सरला. हवालदार मात्र शूर होता. त्याने तोंडातून आत डोकावून पाहिलं, हलवून पाहिलं, आत पत्रकं नाहीत याची खात्री करून घेतली. तरी त्याचं समाधान होईना. "वाजवायचं आहे म्हणता ना? मग वाजवून दाखवा. दोघांनी. आत्ता."

त्याने आमच्याकडे नीट पाहिलं. दाजींचा फेटा, मिश्या आणि देह पाहून शिंपल्याच्या फुलांचं मेंडोलिन त्यांच्या हातात दिलं. मग माझ्या देहाकडे पाहून साधं, काळपट मेंडोलिन मला दिलं. मालक कोण आणि गडी कोण, हे त्याने स्वतःच ठरवलं होतं. दाजी सांगायला गेले, "साहेब, ह्ये माझं..." पण शिपायाने काठी आपटली. आम्ही वाजवायला लागलो.

आरतीची चाल होती, दोघांना पाठ असलेली. मी बोटं ठेवली, आणि ती जिथे ठेवायची तिथेच पडली. करंगळी सहज जाड तारांवर गेली. एवढी वर्षं वर्ज्य केलेले सूर पहिल्यांदा माझ्या हातातून निघाले आणि मी जवळजवळ थांबलोच. तिकडे दाजींचं एक बोट एकाच जोडीवर बसत होतं. एक सूर, स्वच्छ, एकटा. दाजींच्या हातून असा सूर मी कधी ऐकला नव्हता, आणि त्यांनीही ऐकला नसावा, कारण त्यांनी मान वळवून मागे कोण वाजवतंय ते पाहिलं. गाडीचे बैल शांत उभे होते. एक शिपाई ताल धरून गुणगुणत होता. हवालदाराने काठी काखेत घेतली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"बरं वाजवतात," तो शिपायाला म्हणाला. "जाऊ दे."

गाडी पुढे निघाली.

"धाकानं वाजवलं का माणूस चांगलं वाजवतो," दाजी पुढे बघत म्हणाले.

"थंडीने तारा ताणल्या गेल्या होत्या, म्हणून लागल्या," मी म्हणालो.

बाय मागून म्हणाली, "मंग त्या हवालदारालाच घेऊन जाऊ जत्रंत. काठी आपटायला."

म्हशाला पोचल्यावर आम्ही काय करावं? जे हात नुकतेच सुखावले होते त्या हातांनी, अत्यंत काटेकोरपणे, ज्याचं त्याने आपापलं मेंडोलिन परत घेतलं. दाजींनी माझ्याकडे फुलांचं दिलं, मी त्यांच्याकडे साधं दिलं, आणि देताना दोघांनीही ते धोतराच्या सोग्याने पुसलं, जणू दुसऱ्याचा हात लागून विटाळलं होतं. मग मांडवात बसून आम्ही वाजवलं.

मांडवाच्या एका अंगाला गुरांचा बाजार, दुसऱ्या अंगाला घोंगडीवाले. पहिल्या चालीतच समोर बसलेली माणसं उठायला लागली. त्यांना गुरं बघायची होती, असं मी धरून चाललो. घोंगडीवाल्यांनी घोंगड्या डोक्यावरून कानांपर्यंत ओढून घेतल्या. थंडी होतीच. मग एक व्यापारी हात जोडत मांडवात आला. तो बैलाचा दात दाखवत होता आणि आमचं वादन सुरू झाल्यापासून बैल तोंड उघडत नव्हता. "सौदा व्हईपर्यंत जरा थांबता का, देवा?" तो म्हणाला. आम्ही थांबलो. सौदा झाल्यावर पुन्हा सुरू करा असं सांगायला कोणी आलं नाही. पंच जत्रा संपेपर्यंत दिसलाच नाही.

दाजी आणि मी या अपमानावर जिलेबी खायला गेलो. बाय गाडीपाशी बसली.

दुसऱ्या दिवशी मी किन्हवलीच्या वाटेने शहापूरला परतलो. रात्रीचं जेवण झाल्यावर पेटी उघडली, आणि आत साधं, काळपट, अरुंद मानेचं मेंडोलिन होतं.

माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की दाजींनी डाव साधला. इतकी वर्षं झुलीला नावं ठेवत होते, आणि शेवटी झूलच पळवली. रागाने मी ठरवलं की उद्याच परत जायचं आणि तोंडावर फेकायचं. फेकण्याआधी कुठे खराब तर झालं नाही ना, म्हणून जरा वाजवून पाहिलं. मग आणखी जरा. दिव्यातलं तेल संपलं तेव्हा माझा राग बराच निवळला होता. दाजी वयाने मोठे, बहिणीचे यजमान. त्यांना फुलांचा मोह पडला असेल, तर पडू दे. आपण मोठ्या मनाने क्षमा करावी. इतक्या सहज मी आयुष्यात कोणालाच क्षमा केलेली नाही.

मी दाजींच्या निरोपाची वाट पाहत राहिलो. निरोप आला नाही. यावरून त्यांचा गुन्हा सिद्धच झाला. पुढे सणावारी भेटी व्हायच्या.

"मेंडोलिन काय म्हणतं, मेहुणे?"

"झकास. तुमचं?"

"आमचंबी झकास."

पण या काळात कोणीही आपलं वाद्य दुसऱ्याच्या घरी नेलं नाही. मी मुरबाडला जायचो तेव्हा माझी तार तुटलेली असायची. दाजी शहापूरला यायचे तेव्हा त्यांना वाद्याला गिरणीचा कोंडा लागण्याची भीती वाटायची. मंडळात माझं नाव मात्र वाढलं. कोणीतरी विचारलं, "जाड तारा आता चालतात का?" मी म्हणालो, "रियाजाने." त्यांनी आदराने मान डोलावली. सहा महिन्यांनी आमच्या नाटकातल्या राजाला बघायला नव्हे, तर मला ऐकायला माणसं येतात असं मला वाटू लागलं. राजाला तसं वाटत नव्हतं.

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी मुरबाडच्या शाळेच्या पटांगणात सकाळी झेंडा लागणार होता. पावसाने उघडीप दिली होती, चिखल होता, पण आजूबाजूच्या पाड्यांतून माणसं झाडून आली होती. मास्तरांनी दाजींना आणि मला वाजवायला बोलावलं. अशा दिवशी तार तुटली म्हणून कोण सांगणार? मी पेटी घेऊन गेलो. दाजींची पेटी आधीच टेबलावर होती.

सगळ्या गावासमोर आम्ही एकाच वेळी झाकणं उघडली. दाजींच्या पेटीतून शिंपल्याची फुलं चमकली. माझ्या पेटीतून काही चमकलं नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही, सरळ वाजवायला बसलो.

आणि चांगलं झालं. हे मी माझ्या वादनाबद्दल सांगतोय, म्हणून विश्वास ठेवणं कठीण आहे, पण खरंच चांगलं झालं. दाजी सावकाश, जाड आणि भरदार वाजवत होते, मी वरून बारीक काम करत होतो. पटांगणात एवढी माणसं होती आणि कोणीही गुरं बघायला गेलं नाही. संपल्यावर टाळ्या. मास्तर पुढे आले. ते म्हणाले, "या दोघांचं नातं जसं, तसं आपल्या देशात सगळ्यांचं असावं."

दाजींना स्तुती कधीच पचत नसे. ते उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "नातं हाय म्हून तर बोललो नाय इतकी वरसं. ह्यांनी माझं मेंडोलिन चोरलं तरी."

मी उभाच राहिलो. "मी चोरलं? माझं फुलांचं मेंडोलिन तुम्ही मांडीवर घेऊन बसलात, आणि मी चोरलं?"

"माझं साधं, चांगलं, ते तुमी पळवलं! म्हशाहून! म्या म्हन्लं, जाऊ दे, बायकोचा भाऊ हाय, हौस हाय पोराला. क्षमा केली म्या!"

"क्षमा मी केली!"

"आधी म्या केली!"

मास्तर आमच्यामध्ये आले. देशातल्या सगळ्यांचं नातं आमच्यासारखं असावं, हे वाक्य आता मागे कसं घ्यावं असा प्रश्न त्यांना पडला असावा. पुढची माणसं मागच्यांना सांगत होती की कोणी काय चोरलं, आणि मागे पोचेपर्यंत त्याचे दोन बैल झाले होते.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने बायचा आवाज आला. तिने पदर सावरला आणि मोठ्याने सांगितलं, "कुनी चोरलं नाय काय. मीच बदलली. जत्रंत दोघं जिलेबी खायाला गेला तवा."

एक बाई हसली, आणि त्यानंतर कोणी थांबवूच शकलं नाही. मास्तरसुद्धा तोंडावर हात धरून हसत होते. दाजी आणि मी टेबलाच्या दोन बाजूंना उभे, क्षमा केलेले आणि क्षमा झालेले.

"मंग सांगितलं का नाय तू?" दाजींनी विचारलं. आवाज एवढासा झाला होता.

"सांगितलं व्हतं की, दाना धरला त्या दिवशीच. तवा बायकांना वाद्यातलं कळत नव्हतं."

दुपारी जेवताना मी तिला बाजूला गाठलं. मला वाटत होतं की हिला चांगला कान आहे आणि आम्हाला कधी समजलंच नाही. मी तसं म्हणालोही. ती ताक वाढता वाढता थांबली.

"कसला कान? मला ते मुळात आवडतच नाय रे, किरकिर किरकिर. तिकडं तुझं ऐकायचं, हिकडं यांचं. त्या नाक्यावर पैल्यांदा डोकं दुखलं नाय. म्हन्लं, असं ठेवलं तर जगता येईल."

दाजी जवळच जेवत होते. त्यांनी हे ऐकलं, आणि भाताचा एक मोठा घास घेऊन काही ऐकलं नाही असं ठरवलं.

यानंतर तरी मेंडोलिनं रीतसर बदलली असतील असं कोणाला वाटेल. तसं झालं नाही. दाजी शेवटपर्यंत सांगत राहिले की त्यांचं साधं मेंडोलिन त्यांनी मेहुण्याला वापरायला दिलंय, आणि मीही शहापुरात सांगायचो की माझं फुलांचं दाजींकडे ठेवलंय. दोघांचीही वस्तू दुसऱ्याकडे होती आणि दोघांनाही ती परत नको होती. संबंध इतके गोड राहायला एवढं पुरे असतं. आमचं नाटक मंडळ पुढे फिरत्या सिनेमाच्या तंबूने संपवलं. तिथे पडद्यावरचा राजा खरंच राजासारखा दिसायचा, हा अन्यायच होता. दाजी मात्र भजनाला वाजवत राहिले, मीही गिरणीतून सुटल्यावर वाजवायचो.

एकदा बाजाराला आलेल्या माणसाबरोबर दाजींचा निरोप आला. 'तुमच्या मेंडोलिनच्या पोटात उंदरीन व्यायली. तुमची वस्तू, म्हून इचारतो. काय करू?' मी निरोप पाठवला की पिल्लं मोठी होऊन आपली आपण बाहेर पडेपर्यंत वाट बघा, वाद्य हलवू नका. तो माणूस निघाला आणि दारातून पुन्हा मागे आला. बायने त्याच्याकडे वेगळा निरोप दिला होता, तो सांगायचं तो विसरला होता. तिने एवढंच सांगितलं होतं, की घाई करू नका म्हणावं.